शनिवारचा अभ्यास

नवसाबाईच्या घरात नवस बोलायला बंदी होती. नाव नवसाबाई आणि नवसाला बंदी, याचं हसू सगळ्यांत आधी तिलाच यायचं. देवळ्याकडच्या एका खेड्यात ती जन्मली तेव्हा आईची आधीची दोन बाळं गेली होती. आईनं गडावरच्या देवीला साकडं घातलं, ही पोर जगली आणि नाव पडलं नवसा. पुढं छप्पन्न साली, ती तेरा वर्षांची असताना, बापानं दीक्षा घेतली. देव्हारा निघाला, देव निघाले, उपासतापास निघाले. पोरीचं नाव तेवढं शाळेच्या दाखल्यावर राहून गेलं. ‘राहू दे,’ बाप म्हणाला, ‘दाखला बदलाया मास्तरकडं चार खेपा कोन घालंल? नावानं काय व्हत नाय.’

सातवीची फायनल पास झालेली वस्तीतली ती पहिली पोरगी. त्याचं कौतुक आठ दिवस झालं आणि नवव्या दिवशी हातात खुरपं आलं. कांद्याच्या वाफ्यात बसून ती पाठ केलेल्या कविता पुटपुटायची. बरोबरच्या बाया म्हणायच्या, पोरीला झपाटलंय की काय.

लग्न होऊन ती नाशकात आली. नवरा केरू पगारे मालट्रकवर ड्रायव्हर. लासलगावला कांदा भरायचा, मुंबईला उतरवायचा. द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्तीत दोन खोल्या, एक मुलगी विशाखा, दारात एक कण्हेर. बहात्तर साली केरूची गाडी कसारा घाटात दरीत गेली. विशाखा तेव्हा सहा वर्षांची होती. नवसाबाई नगरपालिकेच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली. तिची झोप त्याच दिवसांत गेली ती पुन्हा धड आली नाही.

दवाखान्यात मात्र तिचा चांगला वचक होता. सुईला घाबरणाऱ्या पहिलवानाला ती ‘डोळे मीट बाळा’ म्हणायची. रजेसाठी खोटं खोकणारा माणूस तिला दारातूनच कळायचा. डॉक्टरीणबाई तपासायच्या आधी बाकावर तिची तपासणी होऊन गेलेली असायची. पण हातात फडकं आणि बादली. सातवीची फायनल झालेल्या बाईच्या हातात सात वर्षं फडकं आणि बादली. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, आणि विसरलीही नाही.

एकोणऐंशी साली वस्तीतल्या विहारात बालवाडी काढायचं ठरलं. विहार म्हणजे पत्र्याची एक मोठी खोली, पण दिवसभर रिकामी. पंचमंडळींनी सगळी लिखापढी केली आणि अट कळली ती अशी, की शिकवणारी बाई दहावी पास पाहिजे. वस्तीत दहावी झालेल्या दोन पोरी होत्या, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मंडळी नवसाबाईला म्हणाली, ‘ऑक्टोबरच्या परीक्षेला बस. निकाल लागेपर्यंत थांबू आम्ही. पास झालीस तर खुर्ची तुझी. नाहीतर बाहेरची बाई आणावी लागेल.’

छत्तिसाव्या वर्षी नवसाबाईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. त्याच्यावर सही करताना तिचा हात एवढा कापला की कारकुनानं विचारलं, ‘बाई, ताप आहे का?’

मागच्या गल्लीतले निवृत्ती गुरुजी तिला शिकवायला तयार झाले. शाळेतून निवृत्त झाले होते, पण ‘नावाप्रमाणं वागायला मला जमत नाही’ असं स्वतःच सांगत हिंडायचे. दर मंगळवारी ते तोंडी परीक्षा घ्यायचे. नवसाबाईनं वही केली. कोणत्या दिवशी कोणता धडा वाचला ते तारीखवार लिहायची. सगळं रीतसर चाललं होतं. अडचण एकच होती, तिला भीती वाटायची. पुस्तक उघडलं की छातीत धडधड, आणि ओळी एकमेकींत शिरायच्या.

या भीतीवर तिच्याकडे एक औषध होतं. ते कुणी दिलं नव्हतं, तिनंच शोधून काढलं होतं.

झालं होतं असं, की झोप येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दोन वर्षांपूर्वी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. बाई नेमस्त होत्या. म्हणाल्या होत्या, ‘आठवड्यातून एखादी. रोज नाही. आणि घेतली की सरळ अंथरुणावर पडायचं.’ नवसाबाई नेमाची पक्की. शनिवारी एक गोळी, कारण रविवारी सुट्टी. बाकीचे सहा दिवस डबीला हात नाही. व्यसन म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तीन सूचनांपैकी दोन तिनं तंतोतंत पाळल्या. तिसरी मात्र अभ्यास सुरू झाल्यावर सुटली, कारण त्या पहिल्याच शनिवारी तिला एक गंमत कळली.

दिवेलागणीनंतर तिनं गोळी घेतली आणि अंथरूण घालता घालता सहज भूगोलाचं पुस्तक उघडलं. भीती कुठंच नव्हती. धडधड नव्हती. ओळी आपापल्या जागी शहाण्यासारख्या बसल्या होत्या आणि तिची वाट बघत होत्या.

तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ तिची झाली. गोळी घेतली की आधी पावलं हलकी व्हायची. मग घरातले आवाज एक एक करून दाराबाहेर जाऊन बसायचे. स्टोव्हचा फरफराट, शेजारचा रेडिओ, महामार्गावरचे ट्रकचे हॉर्न, सगळे होते, पण दूर होते, कुणाकडे काही मागत नव्हते. विशाखा पलीकडे भाकरी थापायची, आणि तो थापटण्याचा आवाज नवसाबाईला आपल्याच पाठीवर कुणी हात फिरवतंय तसा वाटायचा. नकाशावर ती त्र्यंबकपाशी बोट ठेवायची आणि बोट निघायचं. गंगापूर मागं पडायचं. रामकुंडाशी बोट थोडं ओलं व्हायचं. पुढं नांदूर, पैठण, नांदेड, मग तेलुगू बोलणारी गावं. दोन्ही काठांनी ऊस हलायचा, कुठं धुणं आपटल्याचा आवाज यायचा, आणि पाण्याला आपण कुठं निघालोय याची अजिबात घाई नसायची. एखाद्या वळणावर पलीकडच्या काठाला ट्रक उभा दिसायचा आणि एक माणूस पाठमोरा बसून बादलीनं चाकं धूत असायचा. ती पाठ कुणाची हे तिला ठाऊक होतं. एरवी नुसती आठवण आली तरी ती उठून काहीतरी काम काढायची. शनिवारी उठत नसे. ती त्या पाठीकडे बघायची, बरं वाटायचं, आणि बोट पुढं सरकायचं. समुद्र आला की कागद संपायचा.

मग इतिहास. मग बीजगणित. अक्षरांची बेरीज, वजाबाकी, सगळं पाण्यातून दिसावं तसं स्वच्छ दिसायचं. ‘कळलं गं बाई, कळलं,’ ती स्वतःशीच हसून म्हणायची, आणि कधीतरी पुस्तकावरच तिचा डोळा लागायचा.

इतका सुखाचा अभ्यास तिनं आयुष्यात केला नव्हता. मग तिनं हिशेबी माणसासारखा विचार केला. शनिवारी डोकं एवढं चालतं तर अवघड धडे शनिवारी ठेवावेत. सोपे धडे काय, सोमवार ते शुक्रवार धडधडत्या छातीनंही होतील. नद्या, खनिजं, औद्योगिक क्रांती, वर्गसमीकरणं, इंग्रजीची काळ बदलायची कलमं, जे जे म्हणून दात मोडणारं होतं ते सगळं तिनं शनिवारच्या नावावर लिहून टाकलं. शहाणपण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. कधी कधी शहाणपणच माणसाचा घात करतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात येणार?

मंगळवारच्या तोंडी परीक्षेत मात्र विचित्र प्रकार व्हायला लागला. बुधवारी रडत-रखडत वाचलेला विज्ञानाचा धडा ती घडाघडा सांगायची. आणि गुरुजींनी गोदावरीच्या उपनद्या विचारल्या की नुसती बघत राहायची.

‘वाचलंस का?’

‘वाचलं ना गुरुजी. मन लावून वाचलं. नकाशासकट.’

‘मग एक तरी सांग.’

तिला एक तरी सांगता यायची नाही. ऊस आठवायचा, ओलं बोट आठवायचं, तेही पुसट. नदीचं नाव म्हणून नाही. गुरुजी चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, ‘पुन्हा वाच.’ ती पुन्हा वाचायची. पुन्हा शनिवारीच वाचायची, कारण धडा अवघड होता.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर लागला. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने वस्तीतल्या बाया रोज संध्याकाळी विहारात जमायच्या. पांढरी लुगडी, पुढं मेणबत्त्या, आणि ग्रंथाचं वाचन. वाचणारी अर्थात नवसाबाई, कारण सलग आणि मोठ्यानं वाचू शकणारी तीच. रीत अशी, की वाचणारीला मधे टोकायचं नाही. ती जे वाचेल ते ऐकायचं. खांबाला टेकून धोंडाबाई बसायच्या. सत्तरी उलटलेल्या, डोळ्यांत फूल पडलेलं, अक्षराची ओळख नाही. पण एकदा कानावर पडलेलं त्यांच्याकडून सुटत नसे. वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या जन्मतिथी त्यांनाच विचारायच्या.

त्या शनिवारी नवसाबाईनं आणखी एक शहाणपण केलं. विहारातून आल्यावर गोळी घ्यायची म्हणजे पुढचा अर्धा तास ती लागू होईपर्यंत फुकट. परीक्षा महिन्याभरावर आलेली. तिनं निघतानाच गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायली, पांढरं लुगडं नीट केलं आणि चपला घातल्या. दारातल्या कण्हेरीवर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं.

त्यापुढं रविवारची सकाळ. कपडे भिजवलेले, विशाखा नळावर, आणि अंगात छान झोप झाल्याचं सुख. मधे काही हरवलंय असं तिला जाणवलंसुद्धा नाही. जे आठवत नाही, त्याची चुटपुट तरी कशी लागणार?

रविवारी संध्याकाळी तिनं विहारात ग्रंथ उघडला. खुणेचं पिंपळपान जिथं होतं तिथून सुरुवात केली. किसा गोतमीची गोष्ट होती. लेकरू गेलेली आई, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मूठभर मोहरी आण, म्हणून तिला सांगितलेलं. नवसाबाईनं चांगलं वाचलं. बाया शांत बसल्या होत्या. जरा जास्तच शांत, पण तिनं मनावर घेतलं नाही.

सोमवारी ती ग्रंथ उघडते न उघडते तोच खांबाकडून आवाज आला.

‘नवसा, आज तरी म्होरं जायचं का तिसऱ्यांदा तीच मोहरी?’

बाया हसल्या. नवसाबाईही हसली. ‘आत्ये, तिसऱ्यांदा कशी? कालच तर वाचली.’

‘काल वाचली आन् परवाबी वाचली. शनवारी लय गोड वाचली, बाई. मी तर डोळं पुसलं. काल म्हनलं, अवघड हाय म्हून पोरींसाठी दोनदा घेत आसंल.’ धोंडाबाई थोडं पुढं सरकल्या. ‘शनवारी तू थांबून म्हनली नाय का, त्या बाईला मोहरी नाय गावली पन दारं गावली. दुःख सांगाया दार लागतं. दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायल्याबिगर आपलं कळत नाय. असं तू म्हनली. काल नाय म्हनली.’

आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ते आठवत होतं.

नवसाबाईनं मनात हिशेब लावला. ती शनिवारी विहारात आली होती, वाचलं होतं, वर स्वतःच्या मनाचं चार वाक्यं बोलली होती, आणि इथल्या बाया ती वाक्यं घरी घेऊन गेल्या होत्या. तिच्याकडे मात्र दारातल्या कण्हेरीपुढं काहीच नव्हतं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या डोक्यात धडा जसाच्या तसा होता आणि वाचणारीच्या डोक्यात रिकामी जागा. तिनं कसाबसा पुढचा अध्याय वाचला आणि घरी येऊन वही काढली.

वहीत सगळं तारीखवार होतं. कोणते धडे पाठ आहेत आणि कोणते कोरे, ते तिनं पेन्सिलीनं खुणा करून पाहिलं. मग कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. कोरा धडा, शनिवार. कोरा धडा, शनिवार. अकरा शनिवार. सगळे अवघड धडे तिनं आपल्या हातानं नेऊन तिथं ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंट संपल्यावर ती डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. बाई आधी रागावल्या, मग त्यांना थोडं हसू आलं, मग तेही गेलं.

‘मी काय सांगितलं होतं? घेतली की आडवं व्हायचं.’

‘हो बाई. पण मी जागी होते. वाचत होते. कळत होतं मला.’

‘कळत होतं, खरंय. त्या वेळेपुरतं कळतं. या गोळीनं भीती झोपते, पण डोक्यात लिहून घेणारा जो असतो ना, तोही तिच्याबरोबर झोपतो. तू वाचतेस, बोलतेस, शहाण्यासारखी वागतेस, पण आत कुणी टिपून घेत नाही. ज्यांना ती खरीच लागते त्यांना मी ती देते. पण ती झोपेची गोळी आहे, अभ्यासाची नाही.’

‘मग वाचलेलं गेलं कुठं?’

‘गेलं नाही कुठं. ते आलंच नव्हतं.’

नवसाबाईनं कमरेची गोळ्यांची डबी काढली. बाईंचा आवाज मऊ झाला. ‘गोळीच्या आधी जे शिकलीस ते शाबूत आहे. ते जात नाही. आणि तू आठवड्याला एकच घेतेस, तेव्हा आता थांबवलीस तरी चालेल. रोज घेणाऱ्यांनी मात्र असं परस्पर थांबवू नये, मला विचारून हळूहळू थांबवायचं असतं. पहिले काही दिवस झोप येणार नाही. भीतीही येईल. चालेल?’

चालेल की नाही हे नवसाबाईला ठाऊक नव्हतं. उरलेल्या गोळ्या तिनं टेबलावर ठेवल्या. निवृत्ती गुरुजींना सांगितलं तेव्हा ते तिची वही चाळून म्हणाले, ‘अकरा शनिवारांचे धडे आणि एकतीस दिवस. पहाटे पाचला येत जा.’

ते एकतीस दिवस कडू गेले. भीती परत आली, चांगली व्याजासकट. पहाटे गुरुजींच्या ओट्यावर बसून ती नद्या पाठ करायची तेव्हा बोट कागदावरच राहायचं, कोरडं. ऊस हलत नव्हता. प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, एक एक नाव म्हणजे खुरपून काढलेल्या तणाचा मुळासकट एक एक झुबका. पण दुसऱ्या दिवशी ती नावं जागच्या जागी असायची. असं काही डोक्यात सकाळपर्यंत टिकतं, याचंच तिला नवल वाटायला लागलं.

आणि शनिवारी संध्याकाळी, जिथं इतके दिवस ते गोड पाणी वाहत होतं, तिथं ती दुपार येऊन उभी राहायची. केरूची शेवटची दुपार. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. त्या संध्याकाळी त्यांनी देवळ्याला तिच्या भावाच्या हळदीला जायचं ठरलेलं. केरू जेवायला आला तो सांगत, की लासलगावला गाडी भरून तयार आहे, दुसरा ड्रायव्हर आजारी आहे, जावं लागतंय. ती एक शब्द बोलली नाही. ताट वाढलं, आवरलं, आणि विशाखाला पुढ्यात घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तो निघताना दारात थांबला. ‘नवसा,’ म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, ‘नवसा. झोपली का?’ ती जागी होती. तिनं झोपेचं सोंग केलं. श्वासही झोपलेल्या माणसासारखा घेतला. तो काही वेळ उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी कसाऱ्याहून माणूस आला.

मी राग धरून पडलेय असं समजून तो गेला. मी उठले नाही. सात वर्षं ती हेच घोळवत होती. झोप गेली होती ती याच्यापायी. सोंग केलेल्या झोपेनं खरी झोप नेली, असं तिला आपलं वाटायचं.

आता ते गोळीशिवाय सोसायचं होतं. तिनं ते सोसलं. रडून झालं की तोंड धुवायची आणि वर्गसमीकरण पुढं ओढायची.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. सोळा वर्षांच्या पोरांच्या मधोमध ती बाकावर गुडघे आवळून बसली. एका पोरीनं तिला पर्यवेक्षिका समजून नमस्कार केला. भूगोलाच्या पेपरात नकाशा आला, नद्या दाखवा. नवसाबाईनं पेन्सिल त्र्यंबकजवळ टेकवली आणि एका दमात समुद्रापर्यंत नेली.

डिसेंबरच्या एका दुपारी निकाल घ्यायला ती विशाखाला घेऊन चालत गेली. खिडकीतल्या माणसानं कागद सरकवला. शेकडा सेहेचाळीस. भूगोलात अठ्ठावन्न. विशाखानं तो कागद दोनदा वाचला आणि भर रस्त्यात आईच्या गळ्यात पडली. तेरा वर्षांची पोर, आईच्या खांद्याएवढी झाली होती, आणि नवसाबाईला ते आत्ता दिसलं.

येताना त्यांनी द्वारकेला भेळभत्त्याच्या पुड्या घेतल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. समोरून मुंबईकडचे ट्रक चालले होते. कांद्याचा वास यायचा आणि जायचा. उन्हाला थंडीतला गोडवा होता. नवसाबाईला वाटलं, आज डोकं स्वच्छ आहे, छातीत बळ आहे, पोर मोठी झाली आहे. आज सांगावं.

‘विशू, तुला एक सांगायचंय. तुझे बाबा गेले ना, त्या दिवशी दुपारी...’

‘तू झोपली नव्हतीस,’ विशाखा म्हणाली.

नवसाबाईचा घास हातातच राहिला.

‘तूच सांगितलंस मला. मागं, विहारातून आलीस तेव्हा. ती मोहरीची गोष्ट वाचून आलीस त्या शनिवारी. माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि सगळं सांगितलंस. हळदीला जायचं होतं ते, भिंतीकडे तोंड केलंस ते, सगळं. खूप रडलीस.’ विशाखा पुडीच्या कागदाची घडी घालत होती. ‘मग मी पण तुला सांगितलं.’

‘काय सांगितलंस?’

विशाखानं आईकडे नीट बघितलं. तीन महिने तिला जे कळलं नव्हतं ते तिला आत्ता कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई काही झालंच नाही अशी धुणं भिजवत होती. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. पोरीला वाटलं होतं, आपण बोलायला नको होतं. आईला आवडलं नाही. तेव्हापासून ती गप्प होती.

‘आई, तुला खरंच आठवत नाही?’

नवसाबाईनं नुसती मान हलवली.

‘मी पण जागी होते त्या दिवशी,’ विशाखा म्हणाली. ‘तुझ्या पुढ्यात पडले होते, पण तुझ्या खांद्यावरून मला दार दिसत होतं. बाबांनी दोनदा हाक मारली. तू एवढा मोठा मोठा श्वास घेत होतीस, की त्यांना हसू आलं. त्यांना माहीत होतं, आई. ते माझ्याकडे बघून हसले आणि तोंडावर बोट ठेवलं. असं. बोलू नको म्हणून. मग टोपी घातली आणि हसतच गेले.’

समोरून एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा. नवसाबाईच्या मांडीवर निकालाचा कागद होता आणि त्यावर भत्त्याचे चार दाणे सांडले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

‘तू हे सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले?’ तिनं विचारलं.

‘काही नाही म्हणालीस. हसलीस. कितीतरी वेळ हसत होतीस. मी तुला इतकं हसताना कधी बघितलंच नव्हतं. मग झोपलीस.’

नवसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पायरीवर नीट वळून बसली, मंगळवारी गुरुजींच्या पुढं बसायची तशी, पाठ ताठ करून.

‘परत सांग,’ ती म्हणाली. ‘पहिल्यापासून. सावकाश सांग.’